तुटक रेषा

ऑगस्टात नोटीस बोर्डावर यादी लागली.
तिसऱ्या वर्षाच्या एकेकाला पहिल्या वर्षाचे तीन-तीन.
माझ्या नावापुढचे दोघे जळगावचे, ते कधी आलेच नाहीत.
तिसरा वेस्ता पावरा,
धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा.
तिथून भुसावळ गाठायचं तर तीन गाड्या,
आणि त्यातली पहिली जीप भरेपर्यंत हलत नाही.

सरांनी फॉर्म दिला:
भेटींची संख्या. चर्चेचा विषय. विद्यार्थ्यातील सुधारणा.
पहिल्या महिन्यात मी लिहिलं, भेटी चार.
विषयाची ओळ कोरी.
तो समोर बसायचा, ड्राफ्टर मांडीवर धरून,
कुणाचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.
मी विचारायचे, समजलं?
तो म्हणायचा, हो ताई.
हो ताई म्हणजे नाही,
हे कळायला मला दिवाळी उजाडली.

मग मी त्याला जीटी शिकवली,
जशी माझ्या सीनियरनं मला.
खाली ट्यूबलाइट, वर काच,
काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली.
एका रात्रीत पाच होतात.
तो काचेकडे बघत राहिला.
मग माझं काय राहिलं त्यात?
टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून लाकडी ठोकळा आणला,
एका अंगाला खाच, मधून आरपार भोक.
फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, पुस्तक, सगळं दप्तरात.
म्हटलं, समोरून दिसतं ते काढ. मग वरून.
वरून म्हणजे कौलं चाळायला चढल्यावर दिसतं तसं?
तसंच.
त्यानं ठोकळा फिरवला, खाचेत अंगठा घातला,
हा साग नाही, एवढं म्हणाला,
आणि तासभर मान वर केली नाही.
भोकाशी येऊन अडला.
समोरून दिसत नाही ते?
तेही काढायचं, पण तुटक रेषेत.
आहे, पण झाकलंय, इतकं सांगायला.
तेव्हा पहिल्यांदा हसला.
ड्रॉइंगचं बरंय, ताई,
लपलेलं पण कबूल करावं लागतं.

मी ठोकळा पुसत बसले. त्यावर धूळ नव्हती.

मे महिना. दीपनगरकडून येणारा वारासुद्धा भाजून आलेला.
बॅकलॉगचे पेपर.
कॉपी नको म्हणून एका बाकावर
एक पहिल्या वर्षाचा, एक वरचा.
नंबर शोधत गेले तर
बाकाच्या दुसऱ्या टोकाला वेस्ता.
त्याचं एम-वन राहिलंय, हे मला माहीत होतं.
माझं एम-थ्री दुसऱ्यांदा राहिलंय,
हे त्याला त्या क्षणी कळलं.
मी कंपासमध्ये काहीतरी शोधू लागले
जे त्यात नव्हतंच.

तो काही बोलला नाही.
ओलं फडकं गुंडाळलेली पाण्याची बाटली
बाकाच्या बरोब्बर मध्यावर ठेवली.
लाप्लासच्या तिसऱ्या गणिताला मी थांबले
तेव्हा स्वतःच्या पेपरातून वर न बघता
ती माझ्याकडे सरकवली, दोन बोटं.

बाहेर लिंबाखाली म्हणाला, तुटक रेषा?
हो, म्हटलं.
या वेळी हो म्हणजे हो.

शेवटचा फॉर्म भरायचा राहिला होता.
विद्यार्थ्यातील सुधारणा:
कुठल्या विद्यार्थ्यातील, ते छापलेलं नव्हतं.

एम-थ्री सुटलं, काठावर. त्याचं एम-वन नाही सुटलं.
यंदा यादी निकाल बघून केली म्हणे,
तिच्यात त्याचं नाव नाही.
तरी काल सातच्या सुमाराला
ड्रॉइंग हॉलचा एकच दिवा चालू होता.
आत वेस्ता, समोर नवी मुलगी, मांडीवर ड्राफ्टर,
आणि तो पावरीत काहीतरी सांगत होता
ज्यातलं मला ओ की ठो कळलं नाही.

ठोकळा मात्र ओळखला.
तो वर्कशॉपला परत करायचा राहूनच गेलाय.